अर्धी राहिलेली तिसरी खेप

वहिनी, आणि इथं जमलेल्या सगळ्यांनो,

आधी माफी मागतो. मला फार उशीर झाला. अण्णा डॉक्टर गेले त्याला महिना होऊन गेला. दुसऱ्याच दिवशी वहिनींना पत्र लिहायला पाहिजे होतं. बसलो होतो लिहायला. 'वहिनींना नमस्कार' एवढं लिहिलं आणि पुढं हात चालेना. कागद घडी घालून ठेवला. परत काढला. परत ठेवला. महिनाभर हेच चाललं. मग या सभेचा निरोप आला. म्हटलं, पत्रात जे लिहायचं होतं तेच तिथं वाचून दाखवू. काल दिवसभर बसून लिहून काढलं. हे चार कागद म्हणजे तेच उशिरा लिहिलेलं पत्र आहे.

माझी शाळा सातवीपर्यंतची. माझ्या आधी मोठे मोठे डॉक्टर बोलले. इतकं चांगलं बोलले की मागं बसल्या बसल्या मी हे कागद दोनदा परत खिशात घातले. काही चुकलं तर सांभाळून घ्या. आवाज येतोय ना मागं? येत असेल तर हात वर करा. बरं.

माझं नाव केरबा. मी वाठारजवळच्या एका गावचा. दूध संघात बत्तीस वर्षं नोकरी केली. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्य भरलेल्या ज्या कांड्या असतात, त्या नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात. तो नायट्रोजन पाण्यासारखा पातळ असतो आणि त्याचा गारठा बर्फाच्या कितीतरी पलीकडचा असतो. तो कंटेनरमध्ये भरायचा, मोजायचा, गावोगावच्या माणसांना द्यायचा, एवढंच माझं काम. हाडाच्या डॉक्टरांच्या शोकसभेत दूध संघाचा माणूस कशाला, असं कुणाला वाटलं तर बरोबरच आहे. वहिनींनी सांगितलं म्हणून उभा आहे.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पुढं धीर राहील की नाही, माझा मला भरवसा नाही.

शेवटच्या भेटीत मी अण्णा डॉक्टरांशी खोटं बोललो. सुनंदा नावाची त्यांची एक पेशंट होती. तिचा पत्ता लागत नव्हता. डॉक्टरांनी अंथरुणावरून विचारलं, सापडली का? मी सांगितलं, सापडली, पाय बरा आहे. ती सापडली नव्हती. अजून सापडलेली नाही. ती सापडावी म्हणून मी आज इथं आलोय. आता पहिल्यापासून सांगतो.

चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. संघाच्या फाटकाशी एक स्कूटर येऊन थांबली. माणूस उंच, डोक्यावरचे केस विस्कटलेले, हातात चहाचा असतो तसला स्टीलचा थर्मास. मला म्हणाले, नायट्रोजन मिळेल का?

मी म्हटलं, "पावणं, किती जनावरं हायत तुमच्याकडं?"

"एकही नाही."

"मग नायट्रोजन कशाला पायजे?"

"हाड गोठवायचंय."

"कशाचं? म्हशीचं?"

"माणसाचं."

मी चावी खिशात घातली. म्हटलं, "सायबांस्नी इचारून येतो."

साहेबांनी परवानगी दिली, पण त्या थर्मासात मी काही दिला नाही. तुम्ही झाकण घट्ट लावशीला आणि फुटंल, म्हटलं. नायट्रोजनला कोंडायचं नसतं, त्याला वर जायला वाट लागते. डॉक्टर हसले. "हे मला पुस्तकात दोन पानं वाचून कळलं होतं," म्हणाले. "तुम्ही एका वाक्यात सांगितलंत." त्या दिवशी ते माझ्याजवळ तासभर बसले. आमचा चहा बशीत ओतून प्याले. मी सगळं विचारून घेतलं, कारण मला विचारल्याशिवाय राहवत नाही.

त्यांनी सांगितलं, एका पोरीच्या उजव्या गुडघ्याच्या खाली, नळीच्या हाडात गाठ झालीय. ही गाठ जीव घेणारी नाही सहसा, पण हाड आतून खाते, आणि काढली तरी परत उगवते. चमच्यासारख्या हत्यारानं खरवडून काढायची. मग हाडात खळगा राहतो. त्या खळग्याच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारं काहीबाही चिकटून राहतं, आणि तिथनंच गाठ परत येते. दुसऱ्या एका दवाखान्यात त्या पोरीला गुडघ्यापासून पाय काढायला सांगितलेलं. डॉक्टर म्हणाले, मला पाय ठेवायचाय. खळग्यात तुमचा नायट्रोजन ओतायचा आणि भिंतीला चिकटलेलं सगळं गोठवून मारायचं.

मी म्हटलं, "डॉक्टर, ह्यो गारठा आमच्यात जीव राखतोय. वर्षानुवर्षं कांडी तशीच ऱ्हाती. तुमच्यात मारतो कसा?"

त्यांनी उलट मलाच विचारलं, "कांडी बाहेर काढल्यावर तुम्ही काय करता?"

"कोमट पाण्यात टाकतो. अर्ध्या मिनटात इतळाय पायजे."

"आणि पाण्यात न टाकता नुसती टेबलावर ठेवली तर? हळूहळू वितळू दिली तर?"

"मेली की. वाया गेली."

"मग मी ती टेबलावर ठेवतो," डॉक्टर म्हणाले. "एकदम गोठवायचं, आणि वितळायला भरपूर वेळ द्यायचा. घाई करायची नाही. त्या वितळण्यातच ते मरतं. मग परत गोठवायचं. परत वितळू द्यायचं. अशा तीन खेपा."

बघा, नवीन माणसांना शिकवताना मी ज्याला चूक म्हणत होतो, तेच या माणसाचं औषध होतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. चांगल्या अर्थानं सांगतोय.

ऑपरेशनच्या दिवशी नायट्रोजन घेऊन मीच यायचं ठरलं. मोठे कंटेनर सगळे गावांना गेलेले. एक लहान होता, तो काठोकाठ भरला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढा आणि वर थोडा. संघाची जीप होती. खिडक्या उघड्या ठेवून, कंटेनर दोन पायांत धरून मी मागं बसलो.

आता माझा स्वभाव सांगतो. मला काळजी करायची सवय आहे. घराला कुलूप लावलं की मी तीनदा ओढून बघतो. आमची मंडळी म्हणायची, "त्या कुलपाचा जीव घ्याल एक दिस." कंटेनरमधला नायट्रोजन किती आहे ते बघायला आमच्याकडं लाकडी पट्टी असते. बूच काढायचं, पट्टी आत घालायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथवर नायट्रोजन असतो तिथवर पट्टीवर पांढरं बर्फ धरतं. वाठारच्या फाट्यावर मी पट्टी घातली. भरपूर होता. शिरोलीला परत घातली. पंचगंगेच्या पुलावर गाड्या तुंबल्या, तिथं दोनदा घातली. प्रत्येक वेळी बूच उघडलं की थोडा उडून जातो, हे मला ठाऊक नव्हतं का? बत्तीस वर्षं लोकांना तेच सांगत आलोय, सारखं उघडू नका रे. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा हात थांबला नाही.

शाहूपुरीत दवाखान्यात पोचलो तर कळलं, अपघाताची एक केस आलीय, सुनंदाचं ऑपरेशन मागं पडलंय. मी कंटेनर घेऊन व्हरांड्यात बसलो. समोरच्या बाकावर एक पोरगी तिच्या आईबरोबर बसली होती. दवाखान्याचा हिरवा गाऊन, केसांची घट्ट वेणी. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. मी बूच काढलं, पांढरा धूर खाली आला, तशी ती म्हणाली,

"मामा, ह्यात काय आईस्क्रीम हाय व्हय?"

मी म्हटलं, "न्हाई ग. गारठा हाय."

"कुणासाठी?"

मला एकदम कळलं, ही तीच. मी बूच परत लावायला वाकलो. तिलाही कळलं. तिनं कंटेनरकडं बोट केलं. मग म्हणाली, "माझ्यासाठी एवढंच भांडं? मला वाटलं टँकर आणशीला."

तिची आई तिला ओरडली. पोरी, गप बस की, म्हणाली. पण आईचे डोळे भरलेले होते. त्या दोघी कुरुंदवाडच्या. ही पायमशीनवर ब्लाऊज शिवायची. पाय काढायचा म्हटल्यावर तिनं पहिली गोष्ट विचारली होती ती म्हणे मशीनची. हे मला तिच्या आईनं सांगितलं. मी ऐकत होतो आणि पट्टी घालत होतो. तीन तास बसलो तिथं. किती वेळा घातली, देवाला ठाऊक. शेवटी शेवटी बुचाच्या दांड्याला बर्फ धरलं आणि ते नीट बसेना, तिरकं राहिलं. घाबरून मी ते दाबलं नाही, कोंडायचं नसतं म्हणून. तसंच ठेवलं.

मग तिला आत नेलं. तासाभरानं सिस्टर थेटरच्या दारात आल्या, स्टीलचं भांडं घेऊन. मी ओतलं. पहिली खेप. बऱ्याच वेळानं परत आल्या. दुसरी खेप. कंटेनर हलका लागायला लागला होता. तिसऱ्या वेळी आल्या आणि मी कंटेनर वाकडा केला. थोडा नायट्रोजन आला. मग नुसता धूर. अजून वाकडा केला. धूरच. मी उलटा केला तरी धूरच. सिस्टर माझ्याकडं बघत होत्या. भांड्यात निम्म्यापेक्षाही कमी होता. त्या घाईनं आत गेल्या, कारण तो भांड्यातनंही उडत होता.

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसलो. तिची आई म्हणाली, "काय झालं ओ?" मी म्हटलं, "काय न्हाई." ते माझं पहिलं खोटं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी उभा राहिलो आणि सरळ सांगितलं. "डॉक्टर, माझ्यामुळं झालं. मी सारखं उघडून बघत होतो."

"किती वेळा?"

"मोजलं न्हाई. ईस-पंचवीस तरी."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता शिव्या खायच्या. खायलाच पाहिजेत. तर ते म्हणाले, "केरबा, मी आज सकाळपासून तिचा एक्स-रे अकरा वेळा बघितला. हाड काय बदलणार होतं का?" मग माझ्याशेजारी बाकावर बसले. म्हणाले, "तिसरी खेप अर्धी झाली. खळग्याची वरची बाजू पुरती भिजली नाही. बरेच जण दोनच खेपा करतात. मी तीन करतो, कारण मी तुमच्यासारखाच भित्रा आहे. कमरेचं हाड घेऊन खळगा भरलाय. सहा महिने पाय टेकवायचा नाही. गोठवलेलं हाड काही दिवस काचेसारखं असतं. पुढं बघू."

"परत आली गाठ तर?"

"दोन-तीन वर्षांत काय ते कळेल."

आणि हे ऐका. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. सुनंदा शुद्धीवर आली, बसायला लागली, तेव्हा त्यांनी तिला सांगितलं. तिसरी खेप अर्धी झालीय, म्हणून तू दर वर्षी मला पाय दाखवायला यायचंस. आणि ती काय म्हणाली असेल? म्हणाली, "त्या मामांस्नी सांगा, कापड कमी पडलं म्हणून कुठला ब्लाऊज ऱ्हायलाय का. जोड लावून बसवतोच की मी." डॉक्टरांनी मला फोन करून हे जसंच्या तसं सांगितलं. तिच्या आवाजात सांगितलं. मी फोन ठेवला आणि डेअरीच्या मागं जाऊन रडलो.

वर्षभरानं ती परत मशीनवर बसली. पहिलं काम कुठलं केलं माहीत आहे? माझ्या कंटेनरसाठी जाड कापडाचं जाकीट शिवलं. वर नायट्रोजनला जायला भोक ठेवलं होतं, डॉक्टरांना विचारून. आणि बुचावरून एक पट्टा घेतला होता, त्याला सात बटणं. डॉक्टरांच्या हाती पाठवलं. निरोप असा होता, की सात बटणं सोडायचा कंटाळा येईल आणि मामा कमी वेळा उघडतील. संघातली पोरं मला किती हसली! "केरबामामाच्या कंटेनरला कोट शिवलाय," म्हणायची. हसू देत. त्यानंतर डॉक्टरांच्या कितीतरी ऑपरेशनांना मी नायट्रोजन नेला. एकदाही कमी पडला नाही.

पण माझ्या डोक्यातनं ती अर्धी खेप काही गेली नाही. दोन वर्षं गेली, तीन गेली. डॉक्टर म्हणाले, आता काळजी सोडा. मी म्हटलं, सोडतो. सोडली नाही. हे डॉक्टरांनी ओळखलं. दसरा झाला की आठ-दहा दिवसांत सुनंदा पाय दाखवायला यायची. ती गेली, की डॉक्टर मला फोन करायचे. दर वर्षी. मी रिटायर झालो तरी करायचे.

"केरबा, आत्ताच गेली. फोटो बघितला. हाड भरलंय, खळगा शोधून सापडत नाही."

"नीट बघितला न्हवं?"

"चारदा बघितला."

"वरली बाजू?"

"वरली बाजू पाचदा."

बस्स. एवढंच बोलणं. मग इकडचं तिकडचं. माझी साखर किती, पाऊस किती, म्हैस कुणी विकली. बारा दसरे हा फोन आला. तुम्हाला सांगतो, लोक दसऱ्याला सोनं वाटतात, मी फोनची वाट बघायचो. खिशातनं काढून बघायचो, चार्जिंग आहे का, रेंज आहे का. आमची मंडळी असती तर म्हणाली असती, आता त्याचं बूच सारखं उघडू नका.

एवढा मोठा डॉक्टर. इथं आत्ता सगळ्यांनी सांगितलं, कुठं कुठं शिकले, किती जणांना शिकवलं. त्या माणसाला दर वर्षी एका दूध संघाच्या माणसाला फोन करायची काय गरज होती? मी एकदा विचारलंही. ते म्हणाले, "केरबा, ही काळजी आपण दोघांनी निम्मी निम्मी घेतलीय. मी एकटा कशाला उचलू?"

आता ती सगळी माझ्याकडं आलीय.

गेल्या वर्षी दसरा झाला आणि फोन आला नाही. पंधरा दिवस वाट बघून मीच केला. डॉक्टर म्हणाले, "आली नाही हो ती." तिचा मोबाईल लागत नव्हता. त्यांनी पत्र टाकलं, ते परत आलं. ते मला धीर देत होते. म्हणत होते, इतक्या वर्षांनी गाठ परत यायची भीती मला नाही. मी विचारलं, "मग आवाज असा का येतोय तुमचा?" ते म्हणाले, "पायाची काळजी नाही. तिची सवय झाली होती. दारातनं आत येताना मुद्दाम पाय आपटत यायची. म्हणायची, आवाज ऐका, भरीव हाय."

यंदाही ती आली नाही. आणि यंदा दसऱ्यानंतर डॉक्टरच अंथरुणाला खिळले. मी कुरुंदवाडला गेलो. ती गल्ली शोधून काढली. घराला कुलूप. भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण माझ्या छातीएवढी. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पावणं, ती कवाच गेली. म्हातारी वारली आन् मागल्या पुरानंतर पोरगीबी गेली. इचलकरंजीला म्हणं, न्हाई तर निपाणीकडं. खरं काय म्हाईत न्हाई." मी विचारलं, जाताना चालत होती का? त्या म्हणाल्या, "न्हाई तर काय उडत गेली?" मी म्हटलं, लंगडत होती का? त्या वैतागल्या. "तुमी पोलीस हायसा व्हय?" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

इचलकरंजीत चार दिवस फिरलो. शिलाईची दुकानं, कारखाने, जिथं मशीनचा आवाज आला तिथं आत डोकावलो. निपाणीला दोनदा गेलो. सुनंदा नावाच्या तीन बाया भेटल्या. तिघींनी माझ्याकडं संशयानं बघितलं. त्यातली एकही आपली नव्हती.

मग मी डॉक्टरांना भेटायला गेलो. वहिनी, तुम्ही तेव्हा औषध आणायला खाली गेला होता. म्हणून हे तुम्हाला आजच कळतंय. ते कॉटवर होते. हात बारीक झाले होते. त्या हातांनी काय काय केलं होतं, आणि आता चादर वर ओढायला त्यांना जमत नव्हतं. मी ओढून दिली. त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं तेच विचारलं.

"सापडली का?"

येताना सगळ्या वाटेनं ठरवलं होतं, खरं सांगायचं. पण त्यांचे डोळे बघितले आणि तोंडातनं निघून गेलं, "सापडली."

"कुठं?"

"इचलकरंजीत. मशीन चालवतीया. पाय एकदम बरा हाय."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "पट्टी घालून बघितलंत, का नुसता धूर बघून आलात?"

मी म्हटलं, "बघितलं डॉक्टर. नीट बघितलं."

त्यांनी डोळे मिटले. मान हलवली. हसले, असं मला वाटलं. त्यांना माझं खोटं कळलं की नाही, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. कळलं असेल तर, त्यांनी मला माफ करून डोळे मिटले. कळलं नसेल तर, माझ्या शब्दावर विसंबून मिटले. दोन्हीत मला झोप नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले.

मंडळी, मला त्यांची फार आठवण येते. बस शाहूपुरीतनं जाते, दवाखाना येतो, मान आपोआप तिकडं वळते. पाटी आहे. खिडकी बंद आहे. चहा बशीत ओतला की आठवण येते. फोन वाजला की आठवण येते. माणूस गेलाय हे मला कळतं, मी काही लहान नाही. पण आतनं वाटत राहतं, फोन येईल. म्हणतील, केरबा, आत्ताच गेली. मी म्हणेन, वरली बाजू? ते म्हणतील, पाचदा. एवढंच मला परत एकदा ऐकायचंय. कुणाच्या का आवाजात होईना.

म्हणून विनंती करतो. वहिनींना विचारून करतोय. पोरीचं पूर्ण नाव मी घेत नाही, तिला ते आवडेल न आवडेल. इथं हाडाचे डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, संघाची माणसं आहेत, गावोगावचे पेशंट आलेत. आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहणार आहोत. उभं असताना डॉक्टरांना आठवाच. पण त्यांच्यासाठी आणखी एक करा. आपापल्या गल्लीतल्या, माहेरच्या, सासरच्या, पाव्हण्यांच्या गावातल्या मशीनवर बसणाऱ्या बाया एकेक करून डोळ्यांपुढं आणा. चाळिशीच्या आतबाहेरची. नाव सुनंदा. उजव्या गुडघ्याच्या खाली वीतभर व्रण. तोंडानं फटकळ. तुम्ही एक बोललात तर ती दोन बोलेल.

आठवली, तर दवाखान्याच्या पत्त्यावर कळवा. वहिनी मला सांगतील. ती बरी असेल तर मी डॉक्टरांशी बोललो ते खरं होईल, उशिरा का होईना. आणि बरी नसेल, पाय परत दुखत असेल, तरीही कळवा. डॉक्टरांनी शिकवलेले एवढे जण इथं बसलेत, अजून इलाज होईल. वाईट असेल म्हणून माझ्यापासून लपवू नका. मला काळजी करायची सवय आहे, बातमी नसण्याची नाही.

उठा. मीही कागद खाली ठेवतो. अण्णा डॉक्टर, नमस्कार करतो.

आणि तुम्ही सगळे, निरोप धाडा. लवकर धाडा.